मांजर कोणाचे?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्या भाषेत आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली तो खचित केंद्र सरकारचा नोकर नसावा. कारण विंचवाला बदलीच्या हुकमाबरोबर सामानाची यादी करावी लागत नाही, आणि त्याने सोडलेल्या बिळाच्या दाराशी त्याची वाट पाहत कोणी बसून राहत नाही. आमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. पहिलीबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. ती प्रत्येक बदलीवाल्याच्या अनुभवाची आहे. दुसरीबद्दल मात्र आम्ही आजवर कोणाजवळ बोललो नाही. ती सांगायची तर प्रथम एका चिठ्ठीची हकीकत सांगितली पाहिजे.

दिल्लीच्या दक्षिण भागातील एका सरकारी वसाहतीत, दुसऱ्या प्रकारच्या क्वार्टरात आम्ही राहतो. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी कचेरीतून परत येतो तो दाराच्या फटीत वसाहतीच्या रहिवासी संघाची चिठ्ठी खोवलेली. आपल्या मांजरामुळे जिन्यात घाण होते, तळमजल्यावरील दुधाच्या पिशव्या फाडल्या जातात, सबब आपण आपल्या मांजराचा आठ दिवसांत बंदोबस्त करावा, असा तिचा मजकूर होता.

चिठ्ठी हिंदीत होती. पण तिचा घाट आमच्या ओळखीचा होता. आम्ही चौदा वर्षे अशाच चिठ्ठ्यांना उत्तरे लिहीत आलो आहोत. हातपाय धुऊन चहा घेण्याच्या आतच आम्ही उत्तर लिहून काढले: "सदरहू मांजर आमच्या मालकीचे नाही. ते कोणाच्या मालकीचे आहे याची आम्हांस माहिती नाही. त्यामुळे आपल्या पत्रातील 'आपले मांजर' हा शब्दप्रयोग वस्तुस्थितीस धरून नाही." शेवटी सही आणि तारीख. आमच्या कचेरीतील वरिष्ठांनी हा मसुदा पाहिला असता तर त्यांनी त्यात स्वल्पविरामाचीही दुरुस्ती केली नसती, अशी आमची खात्री आहे. सौ.ने तो वाचला आणि एवढेच म्हटले, "बरे केलेत. नाहीतर पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल क्वार्टर जायचे."

आमच्या उत्तरात अक्षरशः खोटे असे काही नव्हते. मनीला आम्ही आणले नव्हते. तीच आली होती. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी गॅलरीतल्या रिकाम्या खोक्यात एक करड्या पट्ट्यांचे, मुठीएवढे पिल्लू थरथरत बसलेले आमच्या कन्येला सापडले. मांजरी आपल्या पिलांना सात घरे फिरवते म्हणतात. हे बहुधा तिसरे किंवा चौथे घर असावे आणि पुढे नेण्याचे राहून गेले असावे. कन्येने त्याला बशीत दूध दिले. आम्ही "सवय लावू नकोस" असे म्हटले. म्हणजे अशा प्रसंगी बापाने जे म्हणायचे असते ते म्हटले. पंधरा दिवसांनी ते पिल्लू आमच्या लोकरी स्वेटरावर निजू लागले. महिन्याने त्याला नाव मिळाले. आणि तरीही, सहा महिन्यांनंतर, ते आमचे नाही असे आम्ही सहीनिशी लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघाचे चिटणीस स्वतः आले. गृहस्थ सज्जन, सेवानिवृत्त, उत्तर प्रदेशातले. अनेक वर्षे प्रशासन विभागात काढलेली. आमचे उत्तर त्यांच्या हातात होते. त्यांनी चष्मा पुसला, उत्तर पुन्हा एकदा वाचले आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "भाईसाहब, आपण मोठीच अडचण दूर केलीत. मांजर आपले नाही, कोणाचेच नाही. मग परवा रविवारी सफाईवाल्याला सांगतो. पोत्यात घालून यमुनेच्या पलीकडे सोडून येईल. आपली हरकत नाही ना?"

उंदराला मांजर साक्ष, ही म्हण आम्ही ऐकून होतो. येथे आमचाच कागद आमच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला होता. आतल्या खोलीचे दार किलकिले होते आणि त्या फटीतून कन्येचा एक डोळा आमच्याकडे लागला होता. आम्ही म्हणालो, "थोडा वेळ द्या. नियम काय आहेत ते पाहून सांगतो." सरकारी माणसाला सरकारी माणसाकडून वेळ मिळवण्यासाठी याहून खात्रीचे वाक्य नाही. चिटणीसांनी आठ दिवस दिले.

ते आठ दिवस आम्ही जेवणाच्या सुटीत कायदा वाचण्यात घालवले. मांजर आमचे नाही हे म्हणणे तर सोडायचे नव्हते, आणि पोते व यमुना या दोन्ही गोष्टी टाळायच्या होत्या. आम्हांला वाटले होते, मांजरासंबंधी कायदा असणारच नाही. असला तर गाईबैलांसाठी आणि घोड्यांसाठी असेल. पण १९६० चा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अधिनियम आम्ही उघडला आणि पहिल्याच पानांत आमची निराशा आणि सोय दोन्ही झाली.

या कायद्याच्या मागे एक बाई होत्या हेही आम्हांला तेव्हाच कळले. कलाक्षेत्राच्या संस्थापक, भरतनाट्यमच्या नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल या १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या बाजूने खाजगी विधेयक मांडले. सरकारने आपण स्वतः कायदा करू असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. सरकारी आश्वासनांचा आमचा अनुभव लक्षात घेता नवलाची गोष्ट ही की, ते पाळले गेले. डिसेंबर १९६० मध्ये कायदा झाला, १९६२ साली त्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच झाल्या.

त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सारे सार आहे. ज्या कोणाकडे एखाद्या प्राण्याची निगा किंवा ताबा असेल, त्याने त्या प्राण्याचे स्वास्थ्य राखण्यासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे ते म्हणते. आम्ही ते दोनदा वाचले. मालक हा शब्द त्यात नाही. निगा किंवा ताबा, एवढेच. मग आम्ही व्याख्यांच्या कलमाकडे मागे वळलो, कारण कारकुनाचा खरा आधार व्याख्येत असतो. तेथे 'मालक' म्हणजे केवळ मालक नव्हे. त्या वेळेपुरता तो प्राणी ज्याच्या ताब्यात वा रखवालीत असेल तोही मालक, मग खऱ्या मालकाची संमती असो वा नसो, असे स्पष्ट लिहिलेले. आमच्या स्वेटरावर जे सहा महिने निजते ते कोणाच्या रखवालीत आहे, या प्रश्नाला टिपणी लिहायची झाली असती तर आम्हांला एकच टिपणी लिहिता आली असती.

ही निराशा. सोय पुढे अकराव्या कलमात होती. त्यात क्रूरतेचे प्रकार एकामागून एक मांडले आहेत. प्राण्याला मारणे, ज्यात त्याला नीट हालचालही करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, त्याला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे, मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आणि वाजवी कारणावाचून प्राण्याला अशा परिस्थितीत सोडून देणे की भुकेने वा तहानेने त्याचे हाल होण्याचा संभव आहे. पोते आणि यमुना दोन्ही सापडली! आम्हांला परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आल्यासारखा आनंद झाला. चिटणीसांसमोर हे कलम कसे वाचायचे, कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हे आम्ही बसमध्ये उभ्याने ठरवीत होतो.

शिक्षेचा भाग वाचून मात्र आमचा जोर थोडा कमी झाला. पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे १९६० चे रुपये. पन्नास रुपयांत आज आमच्या वसाहतीबाहेर दोन समोसे आणि दोन कप चहाही कसाबसा होतो. आमच्या आजीच्या न्यायालयात याहून कडक शिक्षा होती. हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे ती सांगे. आणि आम्ही घरात चेंडू खेळताना कपाटाखाली निजलेल्या बोक्यापेक्षा त्या सोन्याच्या मांजराच्या वजनाचीच चिंता अधिक करीत असू.

दंड संहितेतील कलमे याहून जड, पण त्यांचा पाया निराळा. दुसऱ्याचे जनावर मारणे वा लुळे करणे ही 'आगळीक', म्हणजे मालमत्तेविरुद्धचा गुन्हा. १८६० च्या संहितेत त्यासाठी जनावराची किंमत पाहिली जाई: दहा रुपये वा अधिक असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद; हत्ती, उंट, घोडा, गाय, बैल अशा जनावरांना किमतीची अट नाही, पण इतर कोणतेही जनावर पन्नास रुपये वा अधिक किमतीचे असले तरच पाच वर्षांपर्यंत. गल्लीतल्या मांजराची किंमत पन्नास रुपये आहे हे सिद्ध करण्याची पाळी आमच्यावर आली असती तर आम्ही काय पुरावा दिला असता कोण जाणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ३२५ व्या कलमातून रुपयांची ही पायरी गेली. आता कोणताही प्राणी मारणे, त्याला विष घालणे, लुळे करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही तो गुन्हा मालमत्तेच्याच प्रकरणात बसतो. म्हणजे एका कायद्याच्या दृष्टीने मनी ही आमच्या खुर्चीसारखी वस्तू, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने आमच्यावर सोपवलेला जीव. खुर्चीबद्दल आम्हांला हक्क आहेत. मनीबद्दल मात्र हक्काच्या आधी कर्तव्य आहे.

असे सारे जुळवून आठव्या दिवसाच्या आदल्या रात्री आम्ही अकराव्या कलमातील ते सोडून देण्याचे पोटकलम स्वच्छ अक्षरात उतरवायला बसलो. "वाजवी कारणावाचून प्राण्याला अशा परिस्थितीत सोडून देणे" येथवर लिहिले आणि पेन थांबले.

२०१९ च्या मे महिन्यात आमची जबलपूरहून दिल्लीला बदली झाली. तेथल्या तळमजल्याच्या क्वार्टरात आमच्याकडे ठकी नावाची पांढरी-काळी मांजरी होती. होती म्हणजे, तीन वर्षे होती. सकाळी दूधवाल्याच्या सायकलच्या घंटीबरोबर ती उठे आणि संध्याकाळी आमच्या स्कूटरचा आवाज ओळखून कुंपणावर येऊन बसे. हुकूम आला, सामान बांधले, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न अगदी शेवटच्या रात्रीपर्यंत कोणीच मोठ्याने विचारला नाही. मग आम्हीच उत्तर दिले. कुत्रा माणसाला जडतो, मांजर घराला जडते. घर येथेच आहे, तेव्हा ती येथेच सुखी राहील. वाडवडिलांचे वाक्य होते. त्यात शहाणपण असेलही. त्या रात्री मात्र आम्हांला त्यातले शहाणपण नको होते, केवळ सोय हवी होती. कन्या तेव्हा पाच वर्षांची. ती झोपेतच रिक्षात बसली. आम्ही एका ताटलीत दूधभात ठेवला आणि कुलूप लावले. रिक्षा वळताना मागे पाहायचे नाही असे आम्ही ठरवले होते, आणि ते पाळले.

त्यानंतर चार वर्षांत आम्ही जबलपूरच्या शेजाऱ्यांशी दिवाळीला फोनवर बोललो, त्यांच्या मुलाच्या लग्नाला आहेर पाठवला. पण ठकीची चौकशी केली नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते. त्या रात्री, अर्धवट लिहिलेले पोटकलम समोर ठेवून, आम्ही फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर विचारले. शेजारी क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "हो, ती बरेच दिवस तुमच्या दाराशीच बसायची. आमच्याकडे दूध प्यायची आणि पुन्हा तेथे जाऊन बसायची. आम्हांला वाटले, सामान लावून झाले की आपण तिला न्यायला याल. मग नवे लोक आले, त्यांच्याकडे कुत्रा होता. पाऊस संपल्यावर ती कोणाला दिसली नाही."

आम्हांला वाटले, आपण न्यायला याल. ते वाक्य त्यांनी सहज म्हटले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अजून जात नाही.

पुढे कायदा वाचताना छत्तिसावे कलम आमच्या नजरेला पडले. गुन्हा घडल्यापासून तीन महिने उलटल्यावर या कायद्याखाली खटला भरता येत नाही. म्हणजे आमचे प्रकरण ऑगस्ट २०१९ मध्येच मुदतबाह्य झाले होते. कचेरीत अशा प्रकरणावर आम्ही 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतो आणि फाइल बांधून टाकतो. या फाइलीला मात्र तो शेरा अजून मारता आलेला नाही.

चिटणीस आले तेव्हा आम्ही पोटकलम वाचून दाखवले. पण ठरवल्याप्रमाणे कोठेही जोर दिला नाही. आधी आम्ही आमचे पहिले उत्तर मागे घेतले. "मांजर आमच्या रखवालीत आहे. तक्रारींची जबाबदारी आमची," असे म्हटले. वादाची तयारी करून आलेल्या माणसाला असे उत्तर मिळाले की तो थोडा गोंधळतो. चिटणीसही गोंधळले, मग बसले, आणि सौ.ने आणलेला चहा घेत त्यांनी तक्रारी एकेक करून सांगितल्या. त्या ऐकताना लक्षात आले की त्यांतील एकही खोटी नव्हती. जिन्यात घाण होत होती. पिशव्या फाटत होत्या. आणि तळमजल्यावरच्या आजीबाईंना अंधारात मनी पायांत येऊन पडण्याची भीती वाटत होती. त्या आजीबाईंनाही काही हक्क आहेत, हे आमच्या आठ दिवसांच्या अभ्यासात कोठेच आले नव्हते.

त्यानंतर आम्ही जे केले ते आमच्यासारख्या इतर बदलीवाल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. गॅलरीत जुन्या टबात वाळू घातली. ती रोज साफ करणे हे काम कन्येकडे आणि ती विसरली की आमच्याकडे. मनीला पशुवैद्याकडे नेऊन रेबीजची आणि मांजरांच्या इतर साथीच्या रोगांची लस टोचून घेतली. तिची नसबंदी केली; कारण मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि मग एका मांजराच्या तक्रारीची सहा मांजरांची तक्रार होते. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, ती त्याला विष आहे, हेही पशुवैद्यांनीच सांगितले. न सांगते तर आमच्या हातून मायेपोटी तो अपराध घडला असता.

सर्वांत मोठे प्रकरण आहाराचे झाले. आमचे घर शाकाहारी. ठकी तीन वर्षे दूधभातावर राहिली, आणि उरलेले ती बाहेर आपल्या हिकमतीने मिळवीत असणार. पण मांजर हे निसर्गतः मांसाहारी. मांसात सापडणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्याला न मिळाले तर त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. आणि मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचतही नाही. पुरेसे अन्न म्हणजे आपल्याला पुरेसे वाटते ते नव्हे. आमच्यासारख्या पेचात सापडलेले केरळातील एक गृहस्थ २०२० साली थेट उच्च न्यायालयात गेले होते. टाळेबंदी लागलेली, घरी तीन मांजरे, घरात सामिष शिजत नाही, आणि मांजरांची बिस्किटे आणायला पोलीस वाहनाचा परवाना देईनात. ६ एप्रिल रोजी न्यायालयाने या कायद्याच्या याच कलमांचा आधार घेऊन त्यांना जाण्याची मुभा दिली. सारा देश घरात कोंडलेला असताना तीन मांजरांच्या जेवणासाठी एका खंडपीठाने वेळ काढला, हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. आम्हीही आता बिस्किटांचा डबा आणतो. तो देवघरापासून सर्वांत दूरच्या फळीवर असतो.

आमच्या हक्कांचीही थोडी नोंद केली पाहिजे. नाहीतर हा लेख केवळ प्रायश्चित्ताचा होईल. वसाहतीत पाळीव प्राणी ठेवूच नये असा सरसकट नियम रहिवासी संघाला करता येत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. रस्त्यावरच्या प्राण्यांना खाऊ घालणाऱ्यांसाठी १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील विसावा नियम आहे. हे नियम मुख्यतः कुत्र्यांसाठी असले तरी विसाव्या नियमात 'सामुदायिक प्राणी' असा शब्द आहे. खाऊ घालणाऱ्याशी बोलून त्याची व्यवस्था लावणे संघाचेच काम आहे, आणि जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, असे तो सांगतो. पुणे महापालिकेने २०२२ साली कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची करायचे ठरवले, नोएडानेही तसेच केले. तेव्हा आपापल्या गावची पालिका काय म्हणते ते प्रत्येकाने पाहावे. या साऱ्या हक्कांत एक गोष्ट आम्हांला समान दिसली. जो आधी "हे माझे" म्हणतो त्यालाच ते बजावता येतात. "मांजर आमचे नाही" असे लिहून दिलेल्या माणसाला पोत्याविरुद्ध बोलण्याचे तोंड नव्हते.

तळमजल्यावरच्या आजीबाईंसाठी मनीच्या गळ्यात एक लहान घुंगरू बांधले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांचा जुना प्रश्न. तो आमच्या वसाहतीत रहिवासी संघाच्या संमतीने सुटला. पुढे एक दिवस आजीबाईच विचारू लागल्या, "दोन दिवस घुंगरू ऐकू आले नाही, बरी आहे ना?"

आता पुन्हा हुकूम आला आहे. या वेळी भोपाळचा. घरात खोकी उघडली आहेत आणि मनी त्यांतील प्रत्येक खोक्यात एकदा बसून पाहते. बदलीच्या भत्त्याच्या नियमांनुसार आमच्या पायरीच्या नोकराला पंधराशे किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. मनीचे वजन पावणेचार किलो. पंधराशे किलोंत ती सहज मावली असती. पण ती सामान नव्हे. आणि कुटुंबीयांच्या रकान्यात नाव, वय, नाते लिहायचे असते. तेथेही तिला बसवता येत नाही. तेव्हा तिचा खर्च आमचा. भाड्याची गाडी ठरवली आहे, उन्हे चढण्यापूर्वी निघायचे आहे, आणि तिला आत उभे राहून वळता येईल एवढी मोठी जाळीची पेटी आणली आहे. कन्या रोज त्या पेटीत बिस्किटे ठेवून तिला आत जायची सवय लावते आहे. आम्ही या वेळी "सवय लावू नकोस" असे म्हटले नाही.

जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत कुत्री व मांजरे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवासाला निघणारा प्राणी प्रवासास योग्य आहे आणि त्याला रेबीजची लक्षणे नाहीत, असे पशुवैद्याचे प्रमाणपत्र त्यात सांगितले आहे. नोकरीत रुजू होताना आम्हांलाही असेच एक प्रमाणपत्र द्यावे लागले होते. तेव्हा त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. परवा शनिवारी आम्ही तिघे मनीला घेऊन दवाखान्यात गेलो. पशुवैद्यांनी तिचे दात पाहिले, छातीला नळी लावली, ताप पाहिला. तिने त्या साऱ्याचा निषेध आमच्या मनगटावर नोंदवला. ती जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन आम्ही परत येतो तो त्यांनी छापील नमुना भरून पुढे ठेवला होता. प्राणी: मांजर. लिंग: मादी. रंग: करडा, पट्टे असलेला. त्याखाली मालकाचे नाव आणि सही, एवढे दोन रकाने कोरे होते.

कन्या आमच्याकडे पाहत होती. २०२३ सालची ती चिठ्ठी आणि आमचे उत्तर तिला पाठ आहे. चौदाचा आता सोळा-सतरा वर्षांचा झालेला सवयीचा हात क्षणभर थबकला, कारण सही करण्यापूर्वी मजकूर पुन्हा वाचावा अशी आम्हांला शिस्त आहे. मजकूर वाचला. त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नव्हते. आम्ही पूर्ण नाव लिहिले, खाली सही केली आणि तारीख घातली.